मंदिराच्या मंडपातील शब्द
(जीर्णोद्धार सोहळ्याच्या निमित्ताने झालेल्या भाषणाचा मजकूर)



शिखर उभे राहिले, कळस चढला. सभामंडपाच्या आतील काम मात्र अजून शिल्लक आहे. मंडप दिसायला सुंदर व्हावा ही सर्वांची इच्छा रास्तच आहे. पण मंडप जसा डोळ्यांसाठी असतो, तसा कानांसाठीही असतो. कीर्तनकाराचा शब्द शेवटच्या रांगेतील म्हाताऱ्या माणसापर्यंत स्पष्ट पोहोचला नाही, तर मंडपाचे अर्धे काम राहिलेच म्हणायचे.

जुने मंडप आठवून पाहावेत. लाकडी खांब, धाब्याचे छप्पर, मातीच्या भिंती, सारवलेली जमीन आणि दोन्ही बाजू मोकळ्या. आवाज काही मातीत मुरे, काही बाहेर निघून जाई. बुवांना ध्वनिक्षेपक लागत नसे, तरी अभंगाचे अक्षर न् अक्षर कळे. आता सिमेंटचा स्लॅब, गुळगुळीत फरशी आणि भिंतींना चकचकीत टाइल्स आल्या. अशा कठीण पृष्ठभागावर आदळलेला आवाज जवळजवळ जसाच्या तसा परत येतो आणि मंडपात घुमत राहतो.

या घुमण्याचे शास्त्र अमेरिकेतील हार्वर्ड विद्यापीठाचे प्राध्यापक वॉलेस सॅबाइन यांनी मांडले. तेथील एका नव्या व्याख्यानगृहात वक्त्याचे बोलणे कळेना, म्हणून १८९५ साली हे काम त्यांच्याकडे आले. त्यांनी रात्रीच्या शांततेत दुसऱ्या सभागृहातील खुर्च्यांच्या गाद्या आणून तेथे मांडल्या, आणि आवाज विरायला किती वेळ लागतो हे मोजले. गाद्या वाढतील तसा घुमण्याचा काळ कमी होत गेला. त्यावरून निघालेले सूत्र आजही वापरात आहे.

त्याच सूत्राने एक हिशेब करून पाहता येतो. ४० फूट लांब, २६ फूट रुंद, १३ फूट उंच असा मंडप, सर्वत्र फरशी आणि सिमेंट, दारे-खिडक्या मिळून सुमारे ११० चौरस फूट उघड्या. मंडप रिकामा असताना आवाज विरायला सुमारे ३ सेकंद लागतात. शंभर माणसे बसली की तोच काळ १ सेकंदाच्या आसपास येतो, कारण माणसांचे अंग आणि कपडे आवाज शोषतात. बोलताना एका सेकंदात चार-पाच अक्षरे सहज उच्चारली जातात. म्हणजे रिकाम्या मंडपात नवे अक्षर उमटते तेव्हा आधीची दहा-बारा अक्षरे अजून घुमत असतात. म्हणून एकादशीच्या गर्दीत कीर्तन बरे ऐकू येते, आणि रोजच्या हरिपाठाला वीस माणसे असली की नुसता गलका वाटतो.

अशा वेळी कर्णा मोठा करणे हा उपाय नव्हे. आवाज वाढवला की घुमणेही तितकेच वाढते. शिवाय तो शेजारच्या घरात शिरतो. तेथे कोणाची परीक्षा असते, कोणी आजारी असते. २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनुसार रहिवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल ही मर्यादा आहे, आणि रात्री १० ते सकाळी ६ उघड्यावर ध्वनिक्षेपकाला मनाई आहे.

आपल्याच जिल्ह्यातील लोणारचे दैत्यसूदन मंदिर पाहावे. तेही कठीण दगडाचेच. पण आत सपाट पृष्ठभाग थोडा; खांब, कोनाडे, छतावरचे शिल्पपट फार. असा उंचसखल पृष्ठभाग आवाजाला एकाच दिशेने परतवत नाही, विखरून टाकतो. ते कोरीवकाम भक्तीपोटी झाले. कानाचा लाभ त्यातून आपोआप मिळाला. उलट विजापूरच्या गोलघुमटात एक शब्द अनेकदा परत ऐकू येतो. पाहुण्यांना त्याची मौज वाटते, पण तेथे प्रवचन करणे कठीण.

मग करावे काय? भिंतींना वरपर्यंत टाइल्स लावू नयेत. बुवांच्या समोरची, म्हणजे मागची भिंत आवाज शोषणारी करावी. लाकडी पट्ट्या फटी ठेवून ठोकाव्यात आणि त्यांमागे कापडात शिवलेली कापसाची पातळ गादी घालावी. खामगावच्या बाजारपेठेला कापसाने नाव दिले. त्या मुलखात कापसाची वाण नाही. समई आणि नंदादीप मात्र त्यापासून लांब असावेत. जमिनीवर जाड सतरंज्या कायमच्या असाव्यात. टिनाचे शेड जोडायचेच असेल, तर पावसाचा ताशा थांबविण्यासाठी खाली छत घालावे. एका मोठ्या कर्ण्याऐवजी खांबांवर श्रोत्यांजवळ लहान ध्वनिक्षेपक हलक्या आवाजात लावावेत.

देणगीदारांनी आपले नाव संगमरवरावर जरूर कोरावे. पण एखाद्याने सतरंजी दिली, एखाद्याने मागच्या भिंतीचे लाकूड दिले, तर तेही दान तितकेच मोठे आहे. त्या दानामुळे मागे बसलेल्या आजीला अभंग कळेल.

मंडपात नाद भरून राहो आणि शब्द हरवू नये, हीच श्रीचरणी प्रार्थना.