जाताना गावात सांगून जा



पाऊस लागला आहे. शुक्रवारी रात्री पुण्याहून लोणावळ्याला येणाऱ्या लोकलमध्ये पाठीवर सॅक घेतलेली मुलंमुली दिसू लागली आहेत. कुणी राजमाचीला निघालंय, कुणी विसापूरला, कुणी ढाकच्या बहिरीला. त्यांनी जाऊ नये, असं सांगायला मी आलेलो नाही. जरूर जावं. धुक्यात वाट काढावी, ओल्या कातळावर पाय कसा रोवायचा ते शिकावं, उधेवाडीत चुलीपाशी बसून पिठलं-भाकरी खावी. मला मिळालेल्या वेळात एकच गोष्ट सांगायची आहे. वर जाण्याआधी पायथ्याच्या गावात कुणाला तरी सांगून जा. किती जण आहात, कोणत्या वाटेनं चढणार, कोणत्या वाटेनं उतरणार, आणि किती वाजेपर्यंत परत येणार. एवढ्या चार गोष्टी.

हल्ली मुलांची तयारी चांगली असते. बूट चांगले, हेल्मेट, दोर, हेडटॉर्च, सगळं असतं. विचारलं, की म्हणतात, घरी सांगितलंय. काय सांगितलंय? लोणावळ्याला जातोय. अहो, लोणावळा म्हणजे केवढा मुलूख! कुरवंड्याकडून नागफणीला गेलात तर एक दिशा, तुंगार्लीवरून राजमाचीला गेलात तर दुसरी. लोणावळ्याहून राजमाची पंधराएक किलोमीटर. तिथून कोंढाण्याच्या लेण्यांकडे उतरलात, की तालुका कर्जत आणि जिल्हा रायगड. ढाकला जांभिवलीकडून गेलात की सांडशीकडून, यावर शोध घाटावर सुरू करायचा की कोकणात, हे ठरतं. घरी फक्त लोणावळा माहीत असेल, तर त्या आईबापांनी फोन करून कुणाला काय सांगायचं?

आपण गावाला जाताना घराची किल्ली शेजारी ठेवतो. शेजारी कुलूप दुरुस्त करणारा असावा लागत नाही. तो जवळ राहतो, एवढंच पुरतं. किल्ली देताना आपण सहज बोलून जातो, की रविवारी संध्याकाळी येतोय. मग रविवारी रात्री खिडकीत दिवा दिसला नाही, की शेजारची काकू काकांना म्हणते, अजून आले नाहीत हो, फोन करून बघा. पायथ्याचं गाव हा तुमचा शेजार आहे. तिथे चहाच्या टपरीवर, देवळाच्या पारावर, जिथे गाडी लावता त्या अंगणात या चार गोष्टी सांगून ठेवा. आणि मोबाइलवर फोटो टाकला म्हणजे झालं, असं समजू नका. तो फोटो पाहणारे शंभर मित्र शंभर किलोमीटरवर बसलेले असतात. किल्ली कुणी परगावी ठेवतं का?

2022 च्या मे महिन्यात परगावाहून आलेला एक तरुण एकटाच नागफणीच्या डोंगरात गेला. वाट चुकल्याचं त्यानं फोनवरून घरच्यांना कळवलं होतं. मग फोन बंद झाला. लोणावळ्याच्या शिवदुर्ग मित्रचे स्वयंसेवक, पोलीस, आपत्ती दलाचे जवान दऱ्या पालथ्या घालत राहिले. काही दिवसांनी खोल दरीत त्याचा मृतदेह मिळाला. मी त्या मुलाला दोष देत नाही. असं कुणाचंही होऊ शकतं, मे महिन्याच्या लख्ख उन्हातही होऊ शकतं. मी एवढंच म्हणतो, की शोधणाऱ्यांच्या हाती पहिल्या तासात काही धागा असला, तर ते कुठून सुरुवात करायची ते ठरवू शकतात.

जगात यापेक्षा अवघड खेळ खेळणारे लोक आहेत. आपल्याच गुलमर्गला अफरवटच्या डोंगरावरून, आखलेले उतार सोडून, कोऱ्या बर्फातून स्की करत उतरणारी मंडळी असतात. त्यांच्यातल्या प्रत्येक जाणत्या माणसाच्या अंगावर संदेश देणारं यंत्र असतं, सॅकमध्ये फावडं आणि बर्फात खुपसून पाहायची लांब सळई असते. कारण हिमकडा कोसळून माणूस गाडला गेला, तर पहिली दहा-पंधरा मिनिटंच खरी. बाहेरची मदत तेवढ्यात पोचत नाही, सोबत्यांनीच उकरायचं. म्हणून निघण्याआधी ते एकमेकांची यंत्रं तपासतात, त्या दिवशी हिमकड्याचा धोका किती ते पाहतात, मगच उतरतात. एवढं धाडस करणारी माणसं आपण कुठे आहोत हे दुसऱ्याला कळण्याची सोय आधी करतात. आपल्याकडे बर्फ नाही. पण धुकं आहे, शेवाळ आहे, तासाभरात फुगणारे ओढे आहेत, दरीत फोनला रेंज नाही.

आणि गावात सांगायला थांबलात, की गावही तुमच्याशी बोलतं. हा फायदा लक्षात घ्या. श्रावणात गवत माजतं, मळलेली वाट बुजते आणि ढोरवाटा तेवढ्या दिसतात. त्या ढोरवाटेनं चालत माणूस थेट कड्यावर पोचतो. हे जांभिवलीच्या गुराख्याला माहीत असतं, मोबाइलच्या नकाशाला नसतं. बोरघाटात शिंगरोबाचं देऊळ आहे. घाटातली वाट साहेबाला शिंगरू धनगरानं दाखवली, असं आपल्याकडे सांगतात. 1863 साली त्या घाटातून रेल्वे धावली. म्हणजे इंजिनिअर लोकांनाही वाट इथल्याच माणसाला विचारावी लागली. कुरवंड्यातली एखादी मावशी म्हणाली, आज नका जाऊ बाळांनो, तर तिचं ऐका. विसापूरची पाण्याची वाट आज कशी आहे, हे तिथल्या माणसाला विचारून घ्या.

शोधाला जाणारे हे स्वयंसेवक पगारी नाहीत, हेही सांगायला हवं. कुणाचं दुकान आहे, कुणाची नोकरी, कुणाची भातलावणी चालू आहे. लावणीचा चिखल पायाला तसाच ठेवून ते दोर घेऊन निघतात, रात्री पावसात दरीत उतरतात. त्यांनी रात्रभर चुकीच्या घळीत हिंडावं, असं तुम्हाला वाटतं का?

वेळ संपत आल्याची खूण होते आहे, म्हणून पुन्हा सांगतो. किती जण, चढायची वाट, उतरायची वाट, परतायची वेळ. आणि एक राहिलंच. परत आलात की किल्ली घेऊन जा! म्हणजे ज्यांना सांगितलं होतं, त्यांना सुखरूप पोचल्याचं कळवा. दुसऱ्या बाजूनं उतरलात तर फोन करा. नाहीतर तुम्ही पुण्यात घरी झोपलेले आणि इथे कुणीतरी कंदील घेऊन अंगणात उभं, असं होतं. आमच्या मावळातली माणसं तेवढी काळजी करतात. या शनिवारी निघणार असाल, तर पायथ्याच्या गावातल्या कुणाचा तरी नंबर आजच लिहून घ्या.