नंतर सांगतो

लांबून लांबून आलेले माझे कर्णबधिर बंधू-भगिनी, त्यांचे आईवडील, आणि माझ्या डाव्या हाताला उभे असलेले, ज्यांच्या हातांवर हे अख्खं संमेलन चालणार आहे ते दुभाषी,

इचलकरंजीत तुमचं मनापासून स्वागत.

आधी व्यवस्थेचं बोलतो. स्वागताध्यक्षाचं खरं काम मांडवाचं आणि जेवणाचं; भाषण ही त्याची हौस. दीपप्रज्वलनाच्या वेळी आम्ही सभागृहातले दिवे मालवले नाहीत, आणि दोन दिवसांत कधीच मालवणार नाही. अंधार झाला की तुमचं बोलणंच बंद पडतं, हे तयारीच्या बैठकीत एका कर्णबधिर मुलीने आम्हाला सुनावलं तेव्हा कळलं. जेवणाला पंगत नाही, गोल टेबलं आहेत; पंगतीत चार जणांपलीकडचे हात दिसत नाहीत. वाढप्यांना सांगून ठेवलंय, पाहुणा बोलत असेल तर त्याचे हात खाली येईपर्यंत आमटी ओतायची नाही.

मी धंद्याने यंत्रमागवाला. विठ्ठलराव दातारांनी 1904 साली या गावात यंत्रमाग आणला, तेव्हापासून आमचं गाव खडखडाटात जगतंय. चोवीस माग चालू असलेल्या शेडमध्ये शिरलात तर शेजारचा कानाशी ओरडला तरी काही कळत नाही. म्हणून आमचे कामगार हातांनी बोलतात. आमच्या शेडमध्ये अंगठा ओठाला लावला की चहा. मिशीवरून बोट फिरवलं की मालक आला. मी मिशी काढून पंचवीस वर्षं झाली, खूण तीच आहे! मूठ आवळून अंगाकडे ओढली की माग बंद कर. उचल, पगार, लाईट गेली, माग दुरुस्त करणाऱ्या जॉबरला बोलव, सगळ्याला खुणा. कुणी शिकवल्या नाहीत, कुणी वर्ग काढले नाहीत. गरज होती, म्हणून आल्या.

माझे थोरले बंधू, दादा, जन्मापासून ऐकत नाहीत. आमच्याच शेडमध्ये ते जॉबर होते. मागाच्या चौकटीवर तळहात ठेवायचे आणि नेमकं काय ढिलं झालंय ते दाखवायचे. तिथे त्यांच्यात आणि इतरांत काही फरक नव्हता. उलट त्यांचे हात आमच्यापेक्षा चपळ. पण रात्री घरी जेवायला बसलो की दादा एकटे. आठ माणसं बोलतायत, हसतायत, आणि दादा एकेकाच्या तोंडाकडे बघतायत. ‘काय झालं?’ असा हात करायचे. आई हातानेच दम धरायला सांगायची. नंतर सांगते.

1974 साली या गावात अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन भरलं होतं. अध्यक्ष पु. ल. देशपांडे. दादा पाणी द्यायला स्वयंसेवक, मी बारा वर्षांचा, त्यांच्या मागे तांब्या घेऊन. पुलं बोलत होते आणि मांडव हसून लोटपोट होत होता. दादांनी मला हलवलं, काय झालं? मी हसता हसता हात केला, नंतर सांगतो. ते सांगायचं राहिलं ते आजतागायत.

दोन वर्षांनी वडील गेले. सकाळी दादांचं आणि त्यांचं पैशावरून वाजलं होतं. दुपारी छातीत कळ आली, रात्री संपलं. थोरला म्हणून दादांनीच अग्नी दिला. वडील गेले हे त्यांना दिसलं. कशाने गेले हे सांगायला घरात कुणाकडे खूण नव्हती. आमच्या घरच्या खुणा मोजल्या तर चाळीस भरल्या नसत्या. ये, जा, जेव, पैसे, मारीन. पुढे दादांच्या पन्नाशीच्या आसपास शेडवर एक कर्णबधिर पोरगा कामाला आला. मूकबधिर शाळेत शिकलेला. तो दादांना दर रविवारी कोल्हापुरात आपल्या मित्रांकडे न्यायला लागला. दादा भारतीय सांकेतिक भाषा शिकले तिथे. वर्षभराने एका दुभाषी बाईंना घरी घेऊन आले आणि मला समोर बसवून एकच प्रश्न विचारला: मी भांडलो, म्हणून बाबा गेले का?

तीस वर्षं माणूस हे घेऊन जगत होता. आणि मी शेजारच्या खोलीत झोपत होतो.

मागाच्या आवाजापायी आम्हाला खुणा सुचल्या, घरातल्या माणसापायी सुचल्या नाहीत. मला आज एवढंच सांगायचं आहे. सेवा, योजना, सवलती यांवर उद्या जाणकार बोलतील, आणि त्या हव्यातच. 2011 च्या जनगणनेत ऐकण्याचं अपंगत्व नोंदवलेली 50 लाखांहून अधिक माणसं या देशात होती. 2013 साली आपल्याच पालघरहून सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात जन्मजात बहिरेपणाची तपासणी आहे. मूल लहान असेल तर एडीप योजनेतून कॉक्लिअर इम्प्लांट होतं. बाहेर मांडवात श्रवणतपासणीचा आणि यूडीआयडी कार्डाचा टेबल आहे, त्याचा फायदा घ्या.

पण आईबाबांनो, इम्प्लांट की खुणा हे भांडण चपलांबरोबर दारात सोडा. 1880 साली इटलीत मिलान शहरात जमलेल्या शिक्षकांनी ठरवलं की बहिऱ्या मुलांना बोलायलाच शिकवायचं, खुणा नकोत. जमलेल्यांत स्वतः कर्णबधिर असे जवळपास कुणी नव्हते. त्या ठरावाचे वळ या सभागृहातल्या काही जणांच्या तळहातांवर आहेत. वर्गात खुणा केल्या म्हणून त्यांनी छड्या खाल्ल्या. मशीन बसवा, स्पीच थेरपीला न्या, जरूर न्या. पण रात्री आंघोळीला मशीन काढल्यावर त्या लेकराशी काय बोलणार आहात? दिल्लीच्या भारतीय सांकेतिक भाषा संस्थेचा शब्दकोश 2018 साली 3,000 शब्दांचा होता, 2021 साली 10,000 चा झाला. फुकट बघायला मिळतो. रोज पाच खुणा शिका. आजीलाही शिकवा. आजी लवकर शिकतात, त्यांना वेळ असतो आणि लाज नसते.

एक तक्रारही करून घेतो. मागच्या वर्षी दादांचं एटीएम कार्ड हरवलं. बँकेत गेलो तर सांगितलं, कार्ड बंद करायला खातेदाराने स्वतः फोनवर बोललं पाहिजे. बँकेचं नाव घेत नाही. दादांनी माझ्या हातातून फोन घेतला, कानाला लावला आणि दहा मिनिटं तसेच उभे राहिले. शाखाधिकारी मग स्वतःच उठले. दवाखान्यातही तेच. दादांना डॉक्टरांचं म्हणणं माझी दहा वर्षांची नात सांगते. खुणा तिला दादांनीच शिकवल्या, झकास करते. पण आजोबांचा रिपोर्ट वाईट आहे हे त्या पोरीने सांगायचं का? 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यात आता सांकेतिक भाषेला जागा आहे. जिल्हा रुग्णालयात आणि पोलीस ठाण्यात बोलावल्यावर येणारा, पगार मिळणारा दुभाषी हवा, असा ठराव उद्या येणार आहे. स्वागत समिती तो मांडेल.

संध्याकाळी भावंडांसाठी वेगळी बैठक ठेवली आहे. आईवडिलांबद्दल सगळे बोलतात. माझ्यासारख्या ‘नंतर सांगतो’ म्हणणाऱ्या भावांना कुणी बोलावत नाही, म्हणून मीच बोलावलंय. मी तिथे बसणार आहे.

अजून निवासाच्या खोल्या, पहाटेचं गरम पाणी... पण दुसऱ्या रांगेत दादा बसलेत. त्यांनी दोनदा मूठ आवळून अंगाकडे ओढली. मालक मी असलो तरी जॉबर ते आहेत. बंद करतो.