खेळाडूलाही विश्रांती हवी

आष्टीच्या शाळेतला कबड्डीपटू तालुका, जिल्हा, नागपूर विभाग अशा पायऱ्या चढतो. सोबत दहावीचा अभ्यास, क्रीडागुण आणि पोलीस भरतीचं स्वप्न असतं. विसाव्याविना हा ताण साचला की मुलाचं खेळावरचं मन उडतं. आपण त्याला आळस म्हणतो आणि तिथंच चुकतो. झोप उडणं, भूक मंदावणं, वारंवार दुखापत होणं, मैदान टाळणं ही थकव्याची लक्षणं आहेत. सराव वाढवून ती जात नाहीत, कारण शरीर सावरतं, बळकट होतं ते सरावानंतरच्या विश्रांतीत.

कुणी म्हणेल, सचिन तेंडुलकर १९८९ मध्ये सोळाव्या वर्षी कसोटी खेळला, तो मेहनतीशिवाय का? मेहनत हवीच; पण एका सचिनकडे पाहताना मध्येच खेळ सोडलेली मुलं मोजायची राहून जातात. अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेनं २००७ मध्येच सुचवलं आहे: आठवड्यात एक-दोन दिवस सुट्टी आणि वर्षात दोन-तीन महिने त्या खेळापासून विराम. स्पर्धेच्या काळात सुट्टी परवडत नाही, ही अडचण खरी. पण दुखापतीनं गेलेला हंगाम त्याहून महाग पडतो. म्हणून पालकांनो, क्रीडाशिक्षकांनो, सरावाच्या वेळापत्रकात सुट्टीचा वार आधी लिहा.