खातं कुणाला, हे कोण ठरवतं?

(बार्शीटाकळी इथे तालुक्यातल्या महिला गटांसमोर केलेलं भाषण)



मघाशी चहाच्या वेळी एका मावशीनं मला विचारलं, "ताई, मंत्री बाप्या असो का बाई, आमाले काय फरक पडते?" मी भाषण लिहून आणलं होतं. ते बाजूला ठेवते आणि मावशींनाच उत्तर द्यायचा प्रयत्न करते.

३० जून २०२२ ला मुंबईत एकनाथ शिंदे मुख्यमंत्री आणि देवेंद्र फडणवीस उपमुख्यमंत्री झाले. चाळीस दिवस राज्याचा कारभार या दोघांनीच पाहिला. ९ ऑगस्टला आणखी १८ मंत्र्यांचा शपथविधी झाला. मी टी.व्ही.समोर बसून मोजत होते. अठराही पुरुष! वीस जणांच्या मंत्रिमंडळात एकही बाई नाही. महिला व बालविकास खातं गेलं मंगलप्रभात लोढांकडे, पर्यटन आणि कौशल्य विकासाच्या जोडीनं. सत्तेच्या बाजूला निवडून आलेल्या बायाच नव्हत्या म्हणावं, तर तसंही नाही. आपल्या शेजारच्या बुलडाणा जिल्ह्यातल्या चिखलीच्या श्वेता महाले होत्या, पुण्याच्या माधुरी मिसाळ होत्या. पण २ जुलै २०२३ ला अदिती तटकरे आल्या तोवर, म्हणजे तब्बल वर्षभर, त्या टेबलाभोवती बाई नव्हती. आणि राज्य काही थांबलं नाही. मला राग आला तो याचाच. कुणाला काही अडलंच नाही.

हे होऊ शकतं, कारण कायद्यात त्याला आडकाठी नाही. घटनेचं १६४ वं कलम सांगतं की मुख्यमंत्र्यांच्या सल्ल्यानं राज्यपाल मंत्री नेमतात. २००३ च्या ९१ व्या घटनादुरुस्तीनं मर्यादा घातली. आपल्या २८८ आमदारांच्या विधानसभेत जास्तीत जास्त ४३ मंत्री, आणि कुठल्याही राज्यात कमीत कमी १२. जास्तीत जास्त किती ते लिहिलं, कमीत कमी किती तेही लिहिलं. बाया किती, ते मात्र कुठंच लिहिलं नाही. ग्रामपंचायतीत २०११ पासून निम्म्या जागा आपल्या आहेत. सरपंचबाईच्या सह्या नवरा घरी आणून घेतो, हे आपण सगळ्या जाणतो. तरी ती खुर्ची कायद्यानं तिची आहे, त्यासाठी तिला कुणाची मर्जी राखावी लागत नाही. मंत्रिपद मात्र एकट्या मुख्यमंत्र्याच्या सल्ल्यावर. २०२३ चा महिला आरक्षणाचा कायदा लोकसभा आणि विधानसभांपुरता आहे, तोही जनगणना आणि मतदारसंघांची फेररचना झाल्यावर. मंत्रिमंडळाबद्दल त्यात अवाक्षर नाही.

आता खात्यांचं. बाई मंत्री झाली की बहुधा महिला व बालविकास खातं तिच्याकडे येतं. पंकजा मुंडेंकडे ते होतं, आपल्या अमरावती जिल्ह्यातल्या तिवशाच्या यशोमती ठाकूरांकडे २०१९ नंतर होतं. खातं लहान नाही, पण तिजोरीची किल्ली त्यात नाही. डिसेंबर २०२३ मध्ये अंगणवाडीच्या बाया संपावर गेल्या. महिनाभराहून जास्त अंगणवाड्या बंद राहिल्या. तेव्हा खात्याच्या मंत्री बाईच होत्या. मानधन वाढवायला पैसा लागतो, आणि पैसा अर्थखात्याकडे. जून २०२४ मध्ये लाडक्या बहिणीचे दीड हजार जाहीर झाले तेही अर्थमंत्र्यांच्या भाषणात. तेव्हा मावशी, तुमचा प्रश्न बरोबर आहे. एका बाईनं फरक पडतोच असं नाही.

तुमच्या-माझ्या घरात खरा फरक पाडतं ते महसूल खातं. नवरा गेल्यावर सातबाऱ्यावर नाव चढवायला किती खेटे घालावे लागतात, ते इथे बसलेल्या अनेकींना माहीत आहे. तलाठी, फेरफार, वारसनोंद, सासरच्यांचा आक्षेप! १९८० साली अंतुलेंच्या मंत्रिमंडळात शालिनीताई पाटील महसूलमंत्री होत्या. म्हणजे बाईला हे खातं झेपत नाही असं तरी कुणी म्हणू नये.

मग निम्म्या बाया घेतल्या की झालं का? आफ्रिकेत इथिओपिया नावाचा देश आहे. तिथल्या पंतप्रधानांनी ऑक्टोबर २०१८ मध्ये वीस मंत्र्यांत दहा बाया घेतल्या. संरक्षण खातंसुद्धा बाईकडे, आयशा मोहम्मद यांच्याकडे दिलं. जगभर कौतुक झालं, मलाही आनंद झाला होता. दोनच वर्षांनी त्याच देशात तिग्राय प्रांतात युद्ध पेटलं आणि तिथल्या बायांवर भयानक अत्याचार झाले. दहा जागा एका माणसानं दिल्या होत्या. त्या बायांना खाली कुणाला उत्तर द्यायचं नव्हतं, वर एकालाच द्यायचं होतं.

आपल्याकडे १५ डिसेंबर २०२४ ला नागपुरात शपथविधी झाला, तेव्हा ४२ जणांत चार बाया होत्या, त्यातल्या दोघी राज्यमंत्री. शून्यावरून चारावर आलो, हेही मी मोजते. पण त्या चौघींना आपण काय विचारलं? एक तरी पत्र पाठवलं?

हे बोलत असतानाच मावशी मागून म्हणाल्या, "मंग लिव्हा नं. सातबाऱ्याचं पयले लिव्हा." तर जेवणानंतर गावागावाचे गट करून बसू. ज्यांच्या वारसनोंदी अडकल्या आहेत त्यांनी कागद जवळ ठेवा. पत्र महसूलमंत्र्यांच्या नावानं जाईल, आणि त्याची प्रत चौघींनाही.