ह्यूगो हासचा डॉक्टर

ह्यूगो हास हा १९०१ साली ब्रनो शहरात जन्मलेला चेक नट. तिसाच्या दशकात प्रेक्षक त्याला ओळखत ते विनोदी भूमिकांमुळे. पण १९३७ साली त्याने ‘बीला नेमोत्स’, म्हणजे ‘पांढरा रोग’, हा चित्रपट दिग्दर्शित केला आणि त्यात डॉक्टर गालेनही साकारला. मूळ नाटक कारेल चापेकचं. ‘रोबोट’ हा शब्द जगाला मिळाला तो याच चापेकच्या नाटकातून!

भयंकर साथीवरचं औषध एकट्या गालेनकडे आहे. गरिबांना तो बरं करतो, सत्ताधीशांना मात्र बजावतो, आधी युद्ध थांबवा. हासने हा डॉक्टर आवाज न चढवता, अवघडलेल्या साधेपणाने उभा केला. म्हणूनच युद्धाच्या घोषणा देणारा जमाव त्याला ठार करतो, तेव्हा काळजात चर्र होतं.

१९३९ मध्ये नाझी फौजा प्रागमध्ये शिरल्या. ज्यू असलेल्या हासला देश सोडावा लागला. त्याचा भाऊ, संगीतकार पावेल हास, १९४४ साली आउश्वित्झच्या छळछावणीत मारला गेला. हॉलिवूडने ह्यूगोला पुढे ‘किंग सॉलोमन्स माइन्स’मध्ये खलनायक केलं.