पाव इंच पावसाचा हिशेब



अमेरिकेत एक एकर, म्हणजे चाळीस गुंठे किंवा त्याहून जास्त जमीन उकरून बांधकाम करायचं, तर पावसाच्या पाण्यासाठी वेगळा परवाना लागतो. तिथल्या १९७२ च्या स्वच्छ पाणी कायद्याच्या लेखी साइटवरून वाहून गेलेली माती हेसुद्धा प्रदूषणच. नदीच्या तळाशी गाळ बसला, की माशांची अंडी त्याखाली गुदमरतात.

या परवान्याचा कणा म्हणजे तपासणी. केंद्रीय पर्यावरण संस्थेच्या २०२२ च्या परवान्यात साधारणपणे दोन पर्याय आहेत. दर ७ दिवसांनी पाहणी करा. नाहीतर दर १४ दिवसांनी करा, पण पाव इंच पाऊस झाला की २४ तासांच्या आत पुन्हा करा. पाव इंच म्हणजे जेमतेम ६ मिलिमीटर. कोकणात याला कुणी पाऊस म्हणणार नाही! बहुतेक राज्यांचे परवाने स्वतंत्र आहेत, तपशील थोडेफार वेगळे.

पाहायचं काय? उताराच्या बाजूला खुंट्यांवर ताणलेलं कापड असतं. त्याला अडलेला गाळ निम्म्या उंचीला पोचण्याआधी उपसायचा. गटाराच्या तोंडाशी लावलेली जाळी तुंबली का, ट्रकच्या चाकांबरोबर चिखल रस्त्यावर आला का, तेही बघायचं. किरकोळ डागडुजी पुढच्या कामाच्या दिवसापर्यंत, मोठी दुरुस्ती ७ दिवसांत. पाहणीचा अहवाल २४ तासांत लिहून, सही करून तीन वर्षं जपायचा.

आता गंमत अशी, की ही तपासणी ठेकेदाराचाच प्रशिक्षित माणूस करू शकतो. म्हणजे चोराच्याच हाती किल्ल्या, असं वाटेल. पण पाऊस कधी आणि किती पडला, याची नोंद हवामान खात्याकडेही असते. सरकारी निरीक्षक आला आणि त्या तारखेचा अहवाल सापडला नाही, तर पळवाट उरत नाही. खोटी सही तर थेट गुन्हाच.

माती साइटवर आहे तोवर ती आवरण्याचा खर्च ठेकेदाराचा. एकदा गटारात उतरली, की तो खर्च करदात्यांच्या माथी. मुंबईत दर उन्हाळ्यात नालेसफाईत किती गाळ काढला, यावर वाद रंगतात. त्यातला किती गाळ कुणाच्या बांधकामावरून आला, हेही विचारायला हवं.