घरची बोली आणि गावची पंचायत



आज आम्ही तुमच्याशी भाषेविषयी चार शब्द बोलणार आहोत. आपला नांदेड जिल्हा आणि लातूर जिल्हा हे सीमेवरचे जिल्हे. देगलूरहून थोडे पुढे गेले की तेलंगणाची हद्द लागते. उदगीरहून पुढे गेले की कर्नाटकाची हद्द लागते. या हद्दीवर कितीतरी लहान गावे आहेत. गाव महाराष्ट्राचे, पंचायतीचा कागद मराठी, पण घरात बोलणे तेलुगू किंवा कानडी. पाण्याला आपण पाणी म्हणतो. तेलुगू माणूस नीळ्ळू म्हणतो, कानडी माणूस नीरु म्हणतो. तहान सगळ्यांना सारखीच लागते.

हे असे का झाले? पूर्वी हा सगळा मुलूख निजामाच्या राज्यात होता. तेव्हा कचेरीची भाषा उर्दू होती. मराठी, तेलुगू, कानडी बोलणारे सगळे एकाच राज्यात नांदत होते. 17 सप्टेंबर 1948 रोजी निजामाचे राज्य संपले. पुढे 1 नोव्हेंबर 1956 रोजी भाषेप्रमाणे राज्ये झाली. देगलूर तालुक्यातली बिचकुंदा आणि जुक्कल ही मंडळे आंध्र प्रदेशात गेली. आज ती तेलंगणात आहेत. बीदर जिल्ह्यातले उदगीर, निलंगा आणि अहमदपूर हे तालुके आपल्याकडे आले. लातूर जिल्हा झाला तो 1982 साली.

सरकारने नकाशावर रेघ ओढली. कुठेतरी ती ओढावीच लागते. पण माणसाचे घर रेघ बघून बांधलेले नसते. पोरगी अलीकडे दिलेली, तर माहेर पलीकडे. शेत इकडे, तर बाजार तिकडे. म्हणून हद्दीवरच्या गावांत दोन-दोन, तीन-तीन भाषा राहिल्या.

आता आमची स्वतःची एक चूक सांगतो.

आम्ही 1982 साली अशाच एका गावी मास्तर म्हणून गेलो. आम्हांला तेलुगूचा एक शब्द येत नव्हता. पहिलीच्या वर्गात एक लहान पोरगी होती. एके दिवशी ती उभी राहिली आणि “नीळ्ळू, नीळ्ळू” म्हणू लागली. आम्ही रागावलो. म्हणालो, “मराठीत सांग, नाहीतर खाली बस.” पोरगी खाली बसली. उन्हाळ्याचे दिवस होते. शाळा सुटेपर्यंत ती तोंडातून शब्द न काढता बसून राहिली. दुसऱ्या दिवशी ती आली नाही. तिसऱ्या दिवशीही नाही.

चौथ्या दिवशी तिची आजी आली. म्हातारीला मराठी येत नव्हते. चौथीतला एक पोरगा तिचे बोलणे आम्हांला सांगू लागला. तो म्हणाला, “गुरुजी, अव्वा म्हणतीय, पोरीला मराठी येत नाही म्हणून तर शाळेत घातली. येत असतं तर कशाला पाठवली असती? आणि पोरगी पाणी मागत होती.”

आमची मान खाली गेली. शिकवायला आम्ही आलो होतो, पण त्या दिवशी म्हातारीने आम्हांला शिकवले. मग आम्ही पोरांकडूनच तेलुगू शब्द शिकू लागलो. ऊरु म्हणजे गाव, इल्लु म्हणजे घर, बडि म्हणजे शाळा. आधी पोरांच्या शब्दात सांगायचे, मग मराठीत. पोरे भराभर मराठी शिकली. ती पोरगीही परत आली. सातवीपर्यंत शिकली. गावातच तिचे लग्न झाले.

पुढे बऱ्याच वर्षांनी आम्ही त्याच भागात मुख्याध्यापक म्हणून गेलो. तेव्हा ती बाई ग्रामपंचायतीची सदस्य झाली होती. एका ग्रामसभेला आम्हीही हजर होतो. गावाला एक नवी बोअर मंजूर झाली होती. ती कुठे घ्यायची हा विषय होता. ग्रामसेवकांनी ठराव मराठीत वाचला. जागा चावडीजवळची होती. मागे बायका बसल्या होत्या. त्यांतल्या कित्येक जणींना काही कळले नव्हते. तरी बाकीच्यांचे बघून त्यांनीही हात वर करायला घेतले.

तेवढ्यात ही बाई उठली. म्हणाली, “थांबा भाऊ, आधी सगळ्यांना समजू द्या.” तिने तेलुगूत सगळा ठराव सांगितला. लगेच मागून आवाज उठला. एक म्हातारी बोलू लागली. चावडीजवळची विहीर होळीलाच आटते, ओढ्याकडच्या विहिरीला मात्र भर उन्हाळ्यात पाणी असते, असे तिचे म्हणणे. रोज पाणी भरणारीला हे माहीत. ठराव लिहिणाऱ्याला माहीत नव्हते. सभेला ते पटले. बोअर ओढ्याकडे घेतली आणि तिला चांगले पाणी लागले.

मंडळी, ती बाई त्या दिवशी उठली नसती तर काय झाले असते? कागदावर “सर्वानुमते मंजूर” असे लिहिले गेले असते. कागद बरोबर ठरला असता, आणि गाव तहानलेले राहिले असते.

हा प्रश्न फक्त आपलाच नाही. दूर कॅनडा देशात न्यू ब्रन्सविक नावाचा प्रांत आहे. तिथे इंग्रजी बोलणारे जास्त, पण फ्रेंच बोलणारी खेडीही पुष्कळ. तिथे 1969 साली कायदा झाला आणि सरकारी कामात दोन्ही भाषांना सारखा मान मिळाला. शेजारी म्हणून राहायचे तर एकमेकांचे बोलणे ऐकून घ्यावे लागते, हे तिथल्या लोकांनीही ओळखले.

आपल्या राज्यघटनेतही ही सोय आहे. कलम 350 सांगते की, माणसाला आपले गाऱ्हाणे देशात किंवा राज्यात वापरात असलेल्या कोणत्याही भाषेत सरकारकडे मांडता येते. कलम 350 क सांगते की, अल्पसंख्य भाषेच्या मुलांना प्राथमिक शिक्षण त्यांच्या मातृभाषेत मिळावे, यासाठी राज्याने प्रयत्न करावा.

आता तीन गोष्टी ध्यानात ठेवा.

पहिली गोष्ट. मतदार यादीत ज्याचे नाव आहे तो प्रत्येक जण ग्रामसभेचा सभासद आहे. बाई असो, गडी असो. ग्रामसभेला जा.

दुसरी गोष्ट. जे समजले नाही त्यावर हात वर करू नका, अंगठा उठवू नका, सहीही करू नका. “आम्हांला आमच्या बोलीत सांगा,” असे खुशाल म्हणा. त्यात लाज कसली?

तिसरी गोष्ट. मराठी लिहायला-वाचायला शिका. पंचायतीचे दप्तर मराठीत आहे, सातबारा मराठीत आहे. तो स्वतःच्या डोळ्यांनी वाचता आला पाहिजे. पण त्यासाठी घरची बोली टाकायची गरज नाही.

आणि ज्यांची घरची बोली मराठीच आहे, त्यांना आमचे एवढेच सांगणे. शेजारी वेगळ्या भाषेत काही मागत असेल, तर आमच्यासारखे रागावू नका. तो काय मागतो आहे ते आधी विचारा. कदाचित तो पाणीच मागत असेल.